सतरावी बॅटरी

कंपनीचं बरं असतं. चूक त्यांनी करायची, पत्र धाडायचं, आणि एस.टी.चे धक्के लालासाहेबांनी खायचे. अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. कुपवाडच्या दुरुस्ती केंद्रात लालासाहेबांनी एकवीस वर्षं टीव्ही आणि टेपरेकॉर्डर उघडून पुन्हा बसवले होते. आता गुडघे कुरकुरायच्या वयात मालकाच्या पोरानं, धवलनं, त्यांच्या हातात यादी ठेवली होती. छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या एका लॉटमधल्या लिथियम बॅटऱ्या आपोआप तापत होत्या. कुठं परगावी दोन पेटल्याही होत्या. सांगली-साताऱ्याकडं अशा सतरा खपलेल्या. नवी द्यायची, जुनी परत आणायची. फलटणपासून मिरजेपर्यंत हिंडून सोळा जमल्या.

सतरावी आटपाडीच्या पलीकडे, एका धनगरवाडीत होती. फाट्यापासून तासभर पायपीट. यादीत नाव होतं मल्हारचं. तो लग्नांचं शूटिंग करायचा. त्यानं सांगितलं, बॅटरी तापायला लागली तशी त्यानं ती उकिरड्यावर फेकली होती, पण आईनं उचलून आणली. आई म्हणजे सुलाबाई. त्या लालासाहेबांना आत घेऊन गेल्या.

घोंगड्याच्या घडीत वीतभर पोर झोपलं होतं. सातव्या महिन्यात जन्मलेली नात, मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर काचेच्या पेटीत राहून आलेली. डॉक्टरांनी ऊब द्या म्हणून बजावलं होतं. अशक्त कोकरं जगवण्यात सुलाबाईंची हयात गेलेली. त्यांनी बॅटरी मऊ फडक्यात गुंडाळून पोरीच्या पोटाशी ठेवली होती.

लालासाहेबांनी झटकन ती उचलली. हाताला चटका बसेल असं वाटलं होतं, पण ती नुसती कोमट होती. चार्ज कधी केली, असं त्यांनी विचारलं. मल्हार म्हणाला, कॅमेरा दिवाळीआधीच विकला, चार्जरही त्याच्यासोबत गेला. दोन महिन्यांत हिला वीज लागलेली नाही.

लालासाहेबांनी मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

पोरीची आई, मंगल, कोपऱ्यातून म्हणाली, "लय गरम न्हाई ओ. तिच्या अंगाएवढीच हाय."

लालासाहेबांनी पत्रातले फोटो दाखवले. जळालेली पिशवी, काळी पडलेली गादी. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कशी ठेवायची ते दोनदा समजावलं. सुलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "पर गार पडू देऊ नगा."

म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं ते बरं म्हणाले.

केंद्रात वाळूच्या डब्यात सोळा बॅटऱ्या दगडासारख्या थंड होत्या. सतरावी कोमटच राहिली. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी घरचा थर्मामीटर आणून तिला लावला. अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या दिवशी तेवढंच. स्वतःचंच हसू आलं, पण मापायचं सोडलं नाही.

गुरुवारी पारा एकशे तीनवर गेला.

त्यांनी वाडीतल्या दुकानात फोन लावला. दुकानदारानं मल्हारला बोलावून आणलं. पोरगी पहाटेपासून तापानं फणफणली होती, दूध तोंडात धरत नव्हती. लालासाहेबांनी फोन ठेवला, रुमाल ओला केला आणि कुणी बघत नाही असं पाहून बॅटरीवर ठेवला. दुपारभर ते रुमाल बदलत राहिले. चारला पारा उतरला. पुन्हा फोन केला. मल्हार म्हणाला, चारच्या सुमाराला ताप गेला, आता दूध पितीय.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. वय झालं म्हणाले असते. बॅटरी मफलरमध्ये गुंडाळून त्यांनी आपल्या खणात ठेवली. नोकरी गेली तरी बेहत्तर, ती त्या घोंगड्यात परत नेऊन द्यायची, हे मनाशी पक्कं झालं. शुक्रवारी जायला हवं होतं. पण अंगात त्राण नव्हतं, गुडघा सुजला होता. सोमवारी जाऊ म्हणाले. त्या एका आळसाबद्दल त्यांनी स्वतःला पुढं कधी माफ केलं नाही.

सोमवारी गुडघा शेकून ते उशिरानं, प्रवासाची पिशवी घेऊनच केंद्रात आले. खण उघडा होता. मफलर नीट घडी करून ठेवलेला.

धवल खुशीत होता. कंपनीचा फॅक्स शनिवारीच आला होता. बॅटऱ्या ड्रममध्ये मिठाच्या पाण्यात बुडवून चार्ज पार उतरवायचा आणि ड्रम तसाच बंद करून पाठवून द्यायचा.

"काका, एक तुमच्या खणात राहिली होती. बरं झालं, आज सकाळी मी बघितलं. सगळ्यांबरोबर टाकली."

ड्रम कुठाय, असं त्यांनी विचारलं. साडेनऊच्या टेम्पोनं पुण्याला गेला होता. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा वाजले होते.

त्यांनी वाडीतल्या दुकानात फोन लावला. दुकानदार मल्हारला बोलवायला गेला.

मग मल्हार आला. "बरी हाय की ओ. ताप न्हाई. रडतबी न्हाई."

लालासाहेबांनी श्वास सोडला.

"सकाळधरनं अंग तेवढं ओलं व्हतंय. पुसलं की परत."

घाम असेल, लालासाहेब म्हणाले.

"घाम एवढा? घोंगडं पिळलं आमी, दोन डाव. आईनं बोट लावून चाखलं. मिठाचं पाणी हाय म्हंती."