चार शनिवारांची दुरुस्ती

टण्ण... पत्र्याच्या डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरलं आणि दुपारची सामसूम पार मोडून मगच एकदाचं निपचित पडलं.

"मी नाही पाडलं, ते आपोआप पडलं," सहा वर्षांची लेक कपाटाआडून म्हणाली. तिला चित्रं काढायला पाठकोरे कागद हवे होते. आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता मान वळवली, आणि हातातला टॉवेल तसाच राहिला. लेकीच्या हातात होतं आईचंच जुनं विधेयक... ओळीओळींत लाल शाईची बारीक अक्षरं.

"हे लाल कोणी केलं? तुला बाई ओरडल्या?"

"बाई नाही गं. बाबांनी केलंय."

"बाबांनी? का?"

मग घड्या राहिल्या बाजूला.

लग्नाआधी ती तरणतलावाच्या तिकीटखिडकीवर बसायची. साहेबांनी तिला प्रथमोपचाराच्या वर्गाला धाडलं, आणि वाचनालयाच्या माडीवर ती भलत्याच दारातून आत शिरली. आत वीस-पंचवीस माणसं समोरासमोर दोन रांगांत बसलेली. वर्ग कुठे भरतो हे विचारायला तिने हात वर केला, तोच टेबलामागच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बारा विरुद्ध अकरा. विधेयक मंजूर."

तो संसदेचा खेळ होता. दर शनिवारी चार वाजता जमायचं, कोणी सरकार व्हायचं, कोणी विरोधक; विधेयकं लिहायची, कडाकडा भांडायचं आणि सहाला चहा पिऊन घरी जायचं. एका मताने हरलेला विरोधी पक्षनेता जिन्यात तिच्यासमोर उभा राहिला. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. बोटांवर काच घासल्याची पांढरी भुकटी.

"तुमच्या एका हाताने माझी तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली."

"मला फक्त पट्टी बांधायला शिकायचं होतं."

"मग आता मलाच बांधा."

पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली आणि सरकारी बाजूला बसली. प्रथमोपचार राहिला तो राहिलाच. तलावाबाहेर पोरांची वाट पाहत आया तासन् तास ताटकळत उभ्या असायच्या, म्हणून तिने सार्वजनिक बाकांचं विधेयक लिहायला घेतलं. खेळाचा नियम असा, की विधेयक मांडण्याआधी समोरच्या पक्षातल्या एकाने ते वाचायचं, लाल शाईने दोष दाखवायचे आणि सगळं नीट झालं की सही करायची. ते काम कोणी मागून घेतलं, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्याला तिथे सगळे 'परंतु' म्हणायचे. कलम कुठलंही असो, त्याचं एक परंतु तयार.

"'वाट पाहणारी व्यक्ती म्हणजे बसची किंवा मुलांची वाट पाहणारी व्यक्ती'," तो वाचायचा. "परंतु, कोणी नुसतंच एका माणसाची वाट पाहत असेल तर?"

"त्याने उभं राहावं. शिक्षा म्हणून."

"कायदा फार कडक आहे हो तुमचा."

"तुम्हाला वाट पाहण्याचा बराच अनुभव दिसतो."

"आठवड्यातले सहा दिवस..." तो म्हणाला, आणि घाईघाईने पान उलटलं.

बाहेर पावसाची भुरभुर असायची, आत एका कागदावर दोन डोकी. तिचा लांबलचक शब्द त्याच्या शाईने खोडला जायचा आणि तिला राग यायचा. खोडायला काही उरलं नाही, की त्याहून जास्त हुरहुर लागायची. विधेयक एकदा मंजूर झालं, की एका टेबलाशी बसायला कारणच उरणार नव्हतं. तिला ते कळत होतं. त्याच्या मनात काय, ते मात्र त्या लाल अक्षरांत कुठे सापडत नव्हतं.

शेवटी त्याने सही केली. विधेयक एकमताने मंजूर झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"अभिनंदन. पण हा कायदा लागू कधीपासून? तारीखच घातलेली नाही. म्हणजे मंजूर झाला, पण अमलात कधीच येणार नाही."

"तारखेवाचून लग्नपत्रिका," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळं सभागृह खो खो हसलं.

कानशिलं तापलेली, डोळे भरलेले, ती जिना उतरू लागली. मागून तो आला.

"तुम्ही सही केलीत," ती म्हणाली.

"केली."

"लोकांना चष्मे देता ना? एवढं मोठं भोक दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"दुरुस्ती विधेयकाला चार शनिवार लागतात," तो जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाला. "चार तर चार, म्हटलं. तुमचं हसं होईल, हे डोक्यातच आलं नाही. परंतु..."

"परंतु काय?"

"पुढे काही सुचत नाहीये."

"तुम्हाला चार शनिवार मिळाले. माझी अब्रू वर टांगली आहे, तिचं काय?"

तो वळला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. ती मागोमाग वर आली आणि दारापाशी थबकली. आत तो उभा राहून सांगत होता, "चूक माझी आहे. मला दिसली होती. मी लपवली."

"कारण?" बाईंनी विचारलं.

तो दाराकडे वळला. तिच्याकडे एकदा बघितलं... आणि मान खाली घातली.

"हे कामकाजातून वगळा," बाई म्हणाल्या. "लिहून घ्यायची गरज नाही, सगळ्यांना दिसतंय."

दोष लपवणाऱ्याला पक्षनेता राहता येत नसे; त्याचं पद तिथल्या तिथे गेलं. तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. ती आत आली, सरकारी बाक ओलांडून सरळ त्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

"किती शनिवार म्हणालात?"

"चार."

"मी हळू लिहिते. सहा धरा."

लेक चित्र विसरून ऐकत होती. "मग सहा शनिवार बसलात?"

"त्याहून कितीतरी जास्त. मग लग्न झालं."

"मग आता शनिवारी बाबा तुझ्याजवळ का नाही बसत?"

"दुकान असतं ना राजा. शनिवारी गर्दी असते."

लेकीने पेन्सिलीचं टोक गालाला लावलं.

"तेव्हा दुकान नव्हतं?"