पोटाशी धरलेला गोळा

"तडा गेलाच कसा?" फेर्मिनने चिरफाळलेली मेंढपाळाची मूर्ती पाहुण्यांदेखत दोमितिलाअक्कापुढे आदळली. "तीस वर्षं मूर्तींसाठी बटाटा नि जिप्सम मळतेस, अजून हात बसत नाही तुझा? सकाळभर नुसती उन्हात बसून असतेस!"

धाकट्या भावाच्या त्या बोलांनी अक्काचा चेहरा उतरला. तिने वाकून तुकडे गोळा केले. लिमाहून आलेले पाहुणे मात्र फेर्मिनच्या लाकडी रेताब्लोंवरून नजर काढत नव्हते. त्या दोनदारी पेट्यांतले मेंढपाळ, बाजारकरणी, बाळंतिणी पाहून म्हणाले, दुसऱ्याचं दुःख इतकं जाणणारा माणूस विरळाच... आणि फेर्मिनलाही ते खरंच वाटलं!

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा नऊला उठला, तर अक्काचं अंथरूण घडी घातलेलं, गाठोडं गायब. रुसली असेल, येईल, असं म्हणत त्याने स्वतःच बटाटे उकडले, जिप्समची भुकटी घालून गोळा मळला आणि पाव आणायला गेला. परत येतो तो गोळा गार, चिरा पडलेल्या. दुसरा केला, मेंढपाळाची टोपी होईतो तोही गार होऊन तडकला. मग रोज आपण नऊला उठलो काय नि दहाला काय, गोळा हाताला ऊबदार लागायचा तो कसा?

खुंटीवर अक्काची जुनी शाल होती. पोटाशी येते नेमक्या त्या जागी पांढरा, कडक झालेला गोल डाग... तीस वर्षांचा! भाऊ उठेपर्यंत ती गोळा पोटाशी धरून उन्हात बसायची. आणि काल? काल "अक्का, पाहुण्यांना कॉफी आण" म्हणून आपणच तिला उठवलं होतं. फेर्मिनला स्वतःची अशी लाज वाटली की आरशासमोरून जाताना त्याने मान खाली घातली.

शोधत शोधत तो बसथांब्यावर गेला, तर ती वांता गावी भाचीकडे जायला दुपारच्या बसची वाट बघत बसली होती.

"अक्का, काल मीच तुला उठवलं. म्हणून गोळा गार झाला."

"कळलं का?"

"सांगितलं का नाहीस गं इतकी वर्षं?"

"तू कधी विचारलंस का, की अक्का बसून का असते?" ती म्हणाली. "सगळ्या आयाकुचो गावातली माणसं तुझ्या पेटीत, फेर्मिन. मी कुठे आहे?"

बस आली. त्याने अडवलं नाही; अडवण्याचा हक्क आपण गमावलाय हे त्याला पुरतं कळलं होतं. त्याने फक्त सदऱ्याखालून फडक्यात गुंडाळलेला गोळा काढला. तिसरा. घरापासून पोटाशी धरून आणलेला.

"गरम आहे का बघ."

अक्काने अंगठा दाबून पाहिला. डोळे भरून आले, तरी म्हणाली, "पाणी जास्त झालंय." मग बसवाल्याला जा म्हणून हात केला आणि गाठोडं भावाच्या हातात दिलं.

"उद्यापासून पाचला उठायचं. मळायचं तू."

"आणि धरून बसायचं?"

"तेही तूच. मेंढपाळ मी करणार."