चंद्रावर चढला गंज

माणसाच्या शरीराला गंज चढतो का? उत्पलाला हा प्रश्न कधी पडलाच नसता. पण निदानक नावाच्या यंत्रमानवाने तिच्या आजीला चंद्रावर जायची परवानगी नाकारली आणि कारण सांगितलं, "तुमच्या अंगात गंज फार आहे."

संघमित्राआजी चंद्रपूरची, वनस्पतिशास्त्रज्ञ. चंद्रावरच्या काचघरात पिकेल अशी ज्वारी तिनेच तयार केली होती आणि पहिलं बी आपल्याच हातांनी पेरायचं, हे तिचं स्वप्न होतं. यान उद्या सुटणार होतं.

"गंज त माह्या ओट्यावर हाय," आजी म्हणाली. "अंगात कुठून येईन बाप्पा?"

निदानक गोंधळला. चंद्रपूरकडे दूध तापवायच्या भांड्याला गंज म्हणतात, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या मनात होता तो लोखंडावरचा तांबडा गंज. मग त्याने नीट समजावलं. ऑक्सिजन वापरून शरीर ऊर्जा बनवतं, तेव्हा मुक्त मूलकं (पेशींना इजा करणारे उपद्रवी कण) सुटतात. शरीरातली रक्षक द्रव्यं त्यांना आवरतात. पण वय झालं, त्यात मधुमेह (रक्तात साखर वाढण्याचा आजार) असला, की ते कण शिरजोर होतात. याला म्हणतात ऑक्सिडीकरणाचा ताण; लोखंडही ऑक्सिजनमुळेच गंजतं, म्हणून तो याला गंज म्हणाला होता. आजीला मधुमेह होता आणि तिच्या रक्तात या ताणाच्या खुणांचा आकडा जास्त आला होता.

आजीचा चेहरा उतरला. उत्पलाला ते बघवेना. तिच्या डोक्यात मात्र मघाचा घोळ घुमत होता. गाव बदललं की शब्दाचा अर्थ बदलतो, मग आकड्याचा का नाही बदलणार?

"निदानक, आजीचा आकडा तू कुणाच्या आकड्याशी ताडून पाहिलास?"

निदानक घडला होता दूरच्या एका थंड देशात, आणि त्याच्याकडचं माप होतं तिथल्या म्हाताऱ्यांचं! आहार, हवा, राहणी आणि थोडी आनुवंशिकता (आईवडिलांकडून आलेली जडणघडण) यांमुळे वेगवेगळ्या लोकसमूहांत या खुणा कमीजास्त असू शकतात, हे त्याने कबूल केलं. यात कुणी सरस नाही की कुणी कमी नाही. फक्त दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपल्याला बसत नाही.

आजी ताठ बसली. तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली होती. "आपल्याकडं साऱ्यायचंच असं हाय म्हणून बरं हाय, असं बी नोको समजू. माहे डोळे, मूत्रपिंडं, हृदय, सारं तपास."

निदानकाने सगळं तपासलं. कुठेही इजा नव्हती. मग त्याने विदर्भातल्या मधुमेही ज्येष्ठांची माहिती मागवून ताडून पाहिली, तर आजीचा आकडा अगदी मधोमध बसला. परवानगी मिळाली. उत्पला आनंदाने नाचली. निदानकाने त्याच दिवशी आपला नियमही बदलला. आता कुणाचंही रक्त तपासण्याआधी तो विचारतो, "तुम्ही कुठले?"

काही महिन्यांनी चंद्रावरून चित्र आलं. काचघरात कणसं डोलत होती. शेजारच्या शेगडीवर आजीचं घरचं भांडं होतं आणि त्यात नव्या ज्वारीच्या कण्या रटरटत होत्या. खाली आजीने लिहिलं होतं, "उत्पला, चंद्रावर गंज चढवला."