कोर छोरी

आभा पिंपळखुटे आणि जीवन राठोड यांची पहिली भेट झाली ती रस्ता अडल्यामुळे. यवतमाळला दारव्हा रोडवर कापसाच्या गाड्यांची ही लांब रांग. खरेदी केंद्रावर प्रत ठरवणारा ग्रेडर चार दिवसांपासून आला नव्हता, आणि आभाची स्कूटी नेमकी त्या रांगेत रुतली होती. मागच्या सीटवर बाबा, बाबांच्या मांडीवर वांग्यांची पिशवी.

"अहो, जरा बाजूला घ्या ना!" तिने समोरच्या मेटाडोरचा पत्रा वाजवला.

मेटाडोरच्या मागचा पडदा सरकला. पडदा! मेटाडोरला! आतून एक सावळा चेहरा डोकावला, हातात झारा.

"बाजूले कुठं घेऊ मॅडम? चार दिवसांपासून इथंच राहून राह्यलो मी. भजे खाता का?"

आभा नाही म्हणणार, तेवढ्यात बाबा स्कूटीवरून उतरून आत चढलेसुद्धा.

झालं! रांगेत आठ-आठ दिवस काढावे लागतात म्हणून जीवनने गाडीत कापसाच्या गठ्ठ्यांपुढे बिछाना, गॅस, पाण्याची टाकी, कपडे टांगायची दोरी असा संसार थाटला होता. बाबा, म्हणजे यज्ञेश्वर पिंपळखुटे, जिल्हा परिषदेतून नुकतेच निवृत्त झालेले मोठे बाबू, तो संसार बघून खुळावले. आयुष्यात एकदा बर्फ पडताना बघायचा, ही त्यांची जुनी इच्छा. हॉटेलं मात्र त्यांना सोसत नसत.

"ही घरगाडी घेऊन मनालीला येशील का रे?"

"येतो ना काका. कापसाले भाव नाही, गाडीले भाडं नाही. इथं बसून तरी काय करून राह्यलो?"

आभाला वाटलं, थट्टा चालली आहे. पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती खरोखरच त्या मेटाडोरमध्ये बसली होती. आईला सोबत हवी होती म्हणे.

*

मनालीच्या अलीकडे एका ढाब्याजवळ बर्फाने त्यांना गाठलं आणि गाडी जागची हलेना. एक दिवस गेला, दोन गेले… आभाचा जीव नुसता मेटाकुटीला आला.

बाबा दर तासाला थर्मामीटर खिडकीबाहेर धरून वहीत आकडे टिपत. आई, कुंदाबाई, गाडी झाडत. कारण थंडी आत येऊ नये म्हणून जीवनने केंद्रावरून परत आलेला कापूस भिंतींच्या फळ्यांमागे ठासला होता, आणि फटींतून तो सारखा गळत होता. बाहेर बर्फ, आत कापूस! वरणात कापूस, अंथरुणात कापूस, बाबांच्या मिशीत कापूस.

"काहून भरला हो हा?" आभा कातावून म्हणाली.

"गरम ऱ्हायते मॅडम."

"अन् केसात जातो त्याचं काय?"

जीवनने तिच्या केसांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. जरा जास्तच वेळ.

"तुमाले शोभून राह्यला," तो म्हणाला, आणि घाईघाईने चाकांजवळचा बर्फ उपसायला निघून गेला.

हे असंच! नागपूरपासून ती नकाशा वाचायच्या निमित्ताने पुढे त्याच्या शेजारी बसत होती. नकाशा कोण वाचत होतं? चहाचा पहिला कप तिला. वळण आलं की "धरून बसा" तिला. झाशीजवळ तिला डुलकी लागली, तर यानं पन्नास किलोमीटर एकदासुद्धा हॉर्न वाजवला नाही. हळू चालवतो म्हणून मागचे ट्रकवाले शिव्या देत गेले. एवढं सगळं करायचं, आणि तोंड उघडायची वेळ आली की फावडं घेऊन पळायचं. ती त्याच्यावर प्रेम करू लागली होती, याचाच तिला जास्त राग येत होता.

शिवाय आईच्या पर्समध्ये पुण्याच्या कोण्या साकेतचा फोटो होता. "यवतमाळला पोचेस्तोवर हो का नाही ते सांग बाप्पा," आईने बजावलं होतं. गाडी परत गेली की जीवन रांगेत जाणार, आभा आपल्या घरी. मग भेटायला कुठलं निमित्त उरणार? जे व्हायचं ते या बर्फातच व्हायला हवं होतं, आणि बर्फ तर आता थांबत आला होता.

त्या संध्याकाळी ढाब्यातल्या फोनवर जीवन त्याच्या आईशी, त्याच्या याडीशी बोलत होता. आभा दाराशी थबकली. त्याच्या बंजारा बोलीतलं तिला काही कळेना. फक्त दोन शब्द कानात पडले, तेही त्याने फार जपून उच्चारलेले.

"कोर छोरी…"

छोरी म्हणजे मुलगी, एवढं तर कुणालाही कळतं. आणि कोर? चंद्राची कोर!

आभाच्या गालांवर त्या थंडीतही ऊन पडलं. बोलत नाही म्हणता म्हणता… आईला सांगतोय, चंद्रकोरीसारखी मुलगी आहे म्हणून! रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी तिने गाडीच्या बाजूच्या आरशावरचा बर्फ पुसून स्वतःला दोनदा बघून घेतलं. दिवसभर ती कुणावर ओरडली नाही, तेव्हा आईने काळजीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

हे सुख टिकलं दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांपर्यंत. बाबांचं थर्मामीटर फुटलं होतं, म्हणून ते वहीत आता बंजारा बोलीचे शब्द उतरवत होते.

"आईला याडी. बरं. आणि आमच्यासारख्यांना काय म्हणता रे तुम्ही?"

"आम्ही गोर," जीवन सहज म्हणाला, "अन् तांड्याबाहेरचे सारे कोर. म्हंजे परके."

आभाच्या हातातलं लाटणं पिठात पडलं.

*

डिझेल गोठलं होतं. ढाबेवाल्याने शिकवल्याप्रमाणे जीवन टाकीखाली जपून निखारे धरून बसला होता. आभा घोट्याएवढ्या बर्फातून तरातरा चालत आली.

"परकी म्हणता मला?"

"अं?"

"आईला फोन करून सांगता, कोर छोरी! अन् मी इकडे दोन दिवस…"

"दोन दिवस तुम्ही काय?"

"काही नाही!"

"सांगा ना."

"मला वाटलं… चंद्रकोर म्हणालात!" ती अक्षरशः ओरडली. "मी दोन दिवस चंद्रकोर म्हणून हिंडते आहे इथं, मूर्खासारखी!"

जीवन हसू दाबत होता, पण ते दबेना. आभाने मूठभर बर्फ उचलून त्याच्या छातीवर मारला.

"हसता कायले?"

"तसं नाही." त्याचं हसू हळूहळू ओसरलं. "याडीले म्हटलं, मले एक पोरगी आवडते. तिनं पयलं हेच इचारलं, गोर का कोर? आता खोटं कसं सांगू? म्हटलं, कोर छोरी छ. तिनं फोनच ठेवला. तवापासून मी सारखा लावतो, ती सारखी ठेवते."

आभाचा राग क्षणभर पळाला. मग तिचा पारा पुन्हा चढला.

"म्हणजे तुम्ही आईला सांगितलं?"

"हो."

"ढाबेवाल्याला?"

"त्यानं इचारलं, सारखा फोन कोनाले लावतोस म्हनून…"

"अन् मला? मला कधी सांगणार होता? यवतमाळ आल्यावर?"

"याडी हो म्हनली का मंग… तुमाले आशेवर ठेवून राह्यलो असं नको वाटायले," तो निखाऱ्यांकडे बघत पुटपुटला. मग मान वर करून, जणू चढावर पहिला गिअर टाकावा तसं, म्हणाला, "आभा, मले तू आवडते. लय आवडते. झालं आता?"

"झालं," आभा म्हणाली. "मलाही. तुमचा भारी संताप येतो, तरी. चला."

"कुठं?"

"फोनकडे."

त्याची बाही धरून तिने त्याला ढाब्यात ओढत नेलं. वाटेत गाडीच्या खिडकीतून आईने पाहिलं, बाहीवरचा हातही पाहिला, पण आभाने तो सोडला नाही. तांड्यात फोन एकच, जीवनच्या काकाच्या, नेमसिंगच्या दुकानात. याडीला, भुरीबाईंना, बोलवायला माणूस गेला. मिनिटं सरत होती. जीवन भिंतीला टेकून घाम पुसत होता, बर्फात!

"कोन?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

आभाला पाठ केलेलं सगळं विसरायला झालं.

"मी… मी कोर बोलते आहे."

आभाने डोळे मिटून घेतले. आता ठेवणार… आता ठेवणार… पण फोन ठेवला गेला नाही. दुकानातल्या कोंबडीचा आवाज ऐकू येत होता.

"थंडी हाये का वं तिकडं?" शेवटी भुरीबाई म्हणाल्या.

"खूप आहे."

"त्याच्या अंगात स्वेटर हाये?"

आभाने वळून पाहिलं. नुसता सदरा, आणि छातीवर बर्फाचा ओला डाग.

"नाही हो. दहा वेळा सांगितलं. एक ऐकत नाही!"

"कोनाचंच आयकत नाही थो," भुरीबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. "लहानपनापासून माहा जीव खाऊन राह्यला."

"माझा तर पंधरा दिवसांपासून खातो आहे."

मग त्या कडक आवाजात कुठेतरी किंचित हसू उमटलं.

"मंग उभी काय? घाल त्याले स्वेटर," भुरीबाई म्हणाल्या. "अन् घरी आली का मले भेट. थो तुयं आयकन."