कोरडी हवा

रोजच्या जपाच्या नेमाला बसून उठल्यावर मी खोटं बोलत नाही. हे तर नाहीच नाही. आणि ही गोष्ट रात्रीची नाही, भर दुपारची आहे.

माझा धाकटा भाऊ, बारक्या, वाऱ्याच्या बोगद्यावर कामाला होता. तिथे आवाजाच्या कितीतरी पट वेगाने हवा सोडून यानांचे नमुने तपासतात. हवेत थोडी जरी ओल राहिली, तरी त्या वेगात तिचं धुकं होतं आणि चाचणी वाया जाते. म्हणून हवा आधी एका लोखंडी टाकीतून नेतात. टाकीत पाणी शोषणारे मणी.

चाचणीच्या आदल्या दिवशी ते मणी सारखे करायला बारक्या आत उतरला.

झाकण लागलं...

तो घरी आलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बोगद्यावर गेले.

"मागच्या फाटकातून गेला असेल," तिथले साहेब म्हणाले.

त्याची सायकल स्टँडलाच होती.

"टाकी उघडून बघा ना," मी हात जोडले.

"उघडली की ओल शिरते, ताई. चाचणी झाली की उघडू. बसा, तुम्हीही बघा."

हवा सुटली. ओल मोजणारं मीटर सांगत होतं, ठणठणीत कोरडी.

आणि बोगद्याच्या काचेवर, आतून... वाफ धरली.

तोंडाएवढी. विरली... पुन्हा धरली.

"साहेब, हा तर श्वास घेतोय," मीटरवाला पुटपुटला.

"तुझाच बंद करीन. थांबव हवा. टाकी पुन्हा भाज."

भाजणं म्हणजे गरम हवा सोडून मण्यांतलं पाणी काढणं.

मी साहेबांचे पाय धरले. त्यांनी बूट मागे घेतला, तेवढंच.

हीटर लागला.

टक्... टक् टक्...

टाकीतून.

"मणी तडकतात," साहेब म्हणाले.

आवाज वाढला. मीटरवाल्याने पंखा मोठा केला. कुणी कुणाकडे बघेना. मी देवाचं नाव घ्यायला गेले... ओठ हलले, नाव आठवेना.

मग सगळं शांत.

पुन्हा हवा सोडली. काच लख्ख. टाळ्या वाजल्या.

"तुमचा पायगुण चांगला हो, ताई!"

संध्याकाळी टाकी उघडली. माणूस नाही, कपडा नाही. नुसते मणी...

मधोमध खळगा. गुडघे पोटाशी घेऊन कुणी बसावं, तसा.

साहेबांनी तो फावड्याने सारखा करून घेतला.

घरी येऊन मी रडायला बसले.

डोळ्यांत पाणी येईना. आजतागायत आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, डोळे चांगले आहेत.

आई रोज माझं तोंड न्याहाळते आणि विचारते, "पाठच्या भावासाठी एक टिपूससुद्धा नाही गं तुझ्याकडे?"