मागे राहिलेलं खोकं

घोलवडच्या पॅकिंग शेडसमोर निलम स्कूटी लावत होती, तेवढ्यात प्रविणची बाईक आली. आणि मागच्या सीटवरून कोण उतरलं? चंद्रिका! तीही त्याच्या खांद्याला धरून…

"सरावलीला भेटली. रिक्षाच मिळत नव्हती हिला," प्रविण म्हणाला.

"मी कुठे विचारलं?" निलमच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

डहाणूच्या त्या एवढ्याशा ऑफिसात दोन वर्षं ती नि प्रविण शेजारी बसून कोड लिहीत होते, एकमेकांच्या डब्यातलं खात होते. आता आणखी काय सांगायचं? त्याला कळलंच असेल, असं ती धरून चालली होती. आणि ही तलासरीची चंद्रिका टीममध्ये आली काय, प्रविण उठता-बसता तिचंच नाव घ्यायला लागला!

चिकू पाठवणाऱ्यांसाठी तिघं मिळून एक ॲप बनवत होते, पण प्रत्येकाच्या डोक्यातलं ॲप वेगळं. रोज भांडणं. शेवटी चंद्रिकेनं टूम काढली — लॅपटॉप बंद, शेडमध्ये जाऊन खोक्याचा सगळा प्रवास आपणच नाटकासारखा करून बघायचा.

"नियम एकच. मनात धरून चालायचं नाही, मोठ्यानं बोलायचं. बरोबर ना, निलमताई?"

ताई! स्वतः तिच्याच वयाची असून!

चंद्रिका झाली बागायतदार, प्रविण पॅकिंगवाला आणि निलम ट्रक ड्रायव्हर. चंद्रिका चिकू द्यायची, प्रविण हातात घेऊन बघायचा.

"हा कच्चा दिसतोय."

"नीट बघा तरी, शेठ!"

दोघं खिदळली. चिकू देता-घेता बोटाला बोट लागलं, ते निलमनं बरोबर टिपलं. खोकं अजून भरायचं होतं, पण ती थांबते कशाला! तोंडानंच 'भर्रर्र' करत फाटकाबाहेर गेली आणि चिकूच्या झाडाखाली डोळे पुसत उभी राहिली.

आत गलका उडाला. "अरे, गाडी गेली! मग या खोक्याचं काय? बागायतदाराला कोण कळवणार?" चंद्रिका ओरडली. "हे तर आपल्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं! भारी, निलमताई!"

प्रविण ते खोकं काखोटीला मारून बाहेर आला.

"मुद्दाम गेलीस ना?"

"गाडी वेळेवर सुटते."

"रडत सुटते?"

निलमला तो नियम आठवला. त्या सटवीचाच, पण खोटा नव्हता.

"हो, मुद्दाम! जळते मी. मला तू आवडतोस, प्रविण… कधीचा. मला वाटलं, तुला कळलंय."

"मला वाटायचं, तुला माझ्या डब्यातली भाजीच तेवढी आवडते."

"आणि तिचं नाव घेतोस सारखं, ते?"

प्रविणचे कान लाल झाले. "तेव्हाच तर तू मान वर करून माझ्याकडे बघतेस… रागानं का होईना."

"गाढवा!" निलम म्हणाली आणि रडता रडता हसली. "आधी बोलायला काय झालं होतं?"

"आता बोलतो ना. मलाही तू आवडतेस. खूप."

"गाडी परत येणार की नाही?" आतून चंद्रिकेनं हाक मारली.

निलमनं ओढणीनं तोंड पुसलं, आत गेली आणि स्कूटीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"चंद्रिके, जाताना माझी स्कूटी तू घेऊन जा."