लाल पट्टा कुणाचा?

“ठरलं तर मग!” प्रोफेसरने चष्मा नाकावर सरकवला. “तिघांनी लाल वाटेने धावायचं. नजर फक्त झाडांवरच्या लाल पट्ट्यांवर. डोकं अजिबात वापरायचं नाही!”

“तुला ते फार सोपं जाईल,” टिचकी म्हणाली.

प्रोफेसर हा मुंगीचा मावसभाऊ. चष्मा आणि न मागता दिलेली माहिती, यामुळे त्याला हे नाव पडलं होतं. टिचकी त्याची धाकटी बहीण, वय वर्षं नऊ. तिचं बोलणं टिचकी मारल्यासारखंच लागे. दोघं सुट्टीला आले होते. एरवी मुंगी पोट धरून हसली असती, पण आज शुक्रवार होता आणि रविवारी तिच्या घराला कुलूप लागणार होतं.

घर म्हणजे तळ्याकाठच्या ऑफिसमागच्या दोन खोल्या. मुंगीचे बाबा तळ्याभोवतीच्या जंगलातल्या धावायच्या वाटा सांभाळत. पिवळी वाट छोटी, निळी मधली आणि लाल अख्ख्या तळ्याला वळसा घालणारी. पडलेल्या फांद्या उचलायच्या, पाणी तुंबलं की चर काढायचा, वर्षातून एकदा झाडांवरचे पट्टे नव्याने रंगवायचे. बारा वर्षं हेच काम. आणि मंगळवारी सकाळी एक निवृत्त मास्तरीणबाई पहिल्यांदाच लाल वाटेने धावायला गेल्या, पट्टे बघत बघत थेट दलदलीत उतरल्या, पाय मोडून घेतला. दोन तास हाका मारत पडून होत्या बिचाऱ्या! संध्याकाळच्या आत मॅनेजरसाहेबांनी बाबांच्या हातात कागद ठेवला. चुकीच्या झाडांवर खुणा केल्याबद्दल कामावरून कमी. रविवारपर्यंत खोल्या रिकाम्या करा.

“ते पट्टे माझे नाहीत, साहेब,” बाबा म्हणाले होते.

“मग काय झाडांनी स्वतः रंग लावून घेतला?” साहेब हसले होते, आणि शिपाईसुद्धा.

त्या दिवशी जेवताना मुंगीने विचारून टाकलं, “बाबा, चुकून झालं असेल का हो तुमच्याकडून?” बाबा अर्ध्या ताटावरून उठले, हात धुऊन बाहेर जाऊन बसले. विचारायला नको होतं, हे तिला तेव्हाच कळलं. पण शब्द काही परत गिळता येत नाहीत.

“एक, दोन, तीन!” टिचकी ओरडली आणि तिघं सुटले.

एक पट्टा, दुसरा पट्टा, लाकडी पूल, मग चढ. मोठ्या खडकापाशी वाट उजवीकडे वळत होती, तरी तिघांचेही पाय आपोआप डावीकडे वळले! तिकडचे पट्टे जास्त ताजे होते, जवळजवळ होते. उतारावर एक दोरी आडवी बांधली होती. ती पोटात रुतली तेव्हा कुठे तिघं थांबले.

“बघा! आपणही फसलो!” प्रोफेसर धापा टाकत म्हणाला.

तिघं दोरीखालून आत शिरले. मुंगीने पहिल्या झाडावरच्या पट्ट्यावर नख घातलं. रंगाचा पापुद्रा हिरव्या शेवाळासकट हातात आला.

ती बघतच राहिली. बाबा आधी तारेच्या ब्रशने साल खरवडत, फडक्याने पुसत, मग कुठे रंगाला हात लावत. “शेवाळाला रंग लावू नये,” ते म्हणत, “शेवाळ गळून पडतं आणि आपण खोटे ठरतो.”

“हे बाबांचं काम नाही!” ती किंचाळली. आनंद झाला, आणि लगेच लाजही वाटली. बाबांनी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नाही. झाडाने सांगितलं तेव्हा वाटलं!

“अगं इकडे या!” टिचकी एका बुंध्याशी उकिडवी बसून पाचोळा उकरत होती. “या झाडाला हजेरी क्रमांक आहे!”

खरंच! मुळाशी पांढरा आकडा होता, सात. पुढच्यावर आठ, त्याच्या पुढे नऊ. आकड्यांमागोमाग तिघं थेट पाण्यापर्यंत पोचले. शेवटचा होता एक्केचाळीस.

“तोडायच्या झाडांना असे नंबर देतात,” प्रोफेसर हळूच म्हणाला. “फाटकावर पाटी नाही का? बोटींच्या धक्क्यासाठी नवा रस्ता! म्हणजे कुणीतरी झाडं मोजून गेलं, आणि पट्टे मारले तेही लालच!”

“पण बाबांना दिसलं कसं नाही?” टिचकीने विचारलं.

“रविवारी आणि सोमवारी बाबा आणि मी इथे होतो कुठे?” मुंगी म्हणाली. “तुम्हाला आणायला गेलो होतो!”

टिचकीने पहिल्यांदाच मान खाली घातली.

तिघं धावत ऑफिसात गेले. मॅनेजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळाकडे बघत. “आकडे काय, कुणीही लिहील. तुम्हीच कशावरून लिहिले नाहीत? वडिलांना वाचवायला पोरं काहीही करतात. चला, निघा!”

“यांना ठाऊक आहे,” बाहेर आल्यावर प्रोफेसर म्हणाला. “पाहिलंस ना? नंबर कसले, कुठले, एका शब्दाने विचारलं नाही!”

शनिवारी सकाळी ऑफिसच्या व्हरांड्यात धावणाऱ्यांची सभा होती. मास्तरीणबाई कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बाबा पार मागे, खांबाला टेकून उभे. रस्त्याच्या कामाची माहिती द्यायला मोजणीवाले काका आले होते. काखेत जाड वही, कानावर पेन्सिल. आल्या आल्या त्यांनी शिपायाला धारेवर धरलं.

“पस्तीस खुर्च्या म्हणतोस? चौतीस आहेत! मोजायला शिका रे!”

मुंगीचे डोळे लकाकले. तिने प्रोफेसरला कोपर मारलं. “या माणसाला सगळं चालेल, पण चुकलात म्हटलेलं नाही चालणार!”

साहेब भाषणाला उभे राहणार, तेवढ्यात ती पुढे झाली. आवाज तिने गोड काढला. “काका, तुमच्या मोजणीत एक चूक आहे हं. एकोणीस नंबर दोन झाडांवर पडलाय.”

“अशक्य!” काका ताडकन उठले.

“मुली, खाली बस!” साहेब गरजले.

“थांबा हो साहेब! माझ्या कामाचा प्रश्न आहे!” काकांनी फराफरा वही उलटली. “हे बघ! एकोणीस! दलदलीच्या वरच्या अंगाला, छातीच्या उंचीवर लाल पट्टा, बुंध्याशी आकडा. सोमवार, सकाळी अकरा. दोनदा पडतोय कसा?”

पहिल्या रांगेत एक कुबडी खाली आपटली.

“लाल पट्टा,” मास्तरीणबाई सावकाश म्हणाल्या. “तो तुम्ही मारलात?”

“मग? स्टोअरमधून लालच डबा दिला. मी साहेबांना म्हटलंही होतं, धावायची वाटही लाल आहे, घोटाळा होईल. तर म्हणाले, कोण बघतंय! बाई पडल्याचं कळलं त्या दिवशी मी परत फोन केला. म्हणाले, मी बघून घेतो.”

सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेब आधी ग्लासभर पाणी प्यायले, मग तोंडभर हसले. “अहो, गैरसमज झाला! पण काय चुणचुणीत मुलं आहेत! शाब्बास! टाळ्या वाजवा यांच्यासाठी!”

टाळ्या कडाडल्या. बक्षीस म्हणून तिघांच्या डोक्यावर निळ्या टोप्या चढल्या, फोटोही निघाला. मग साहेब मागे उभ्या असलेल्या बाबांना म्हणाले, “उद्यापासून या कामावर. खोल्याही राहू द्या. झालं गेलं विसरून जा.”

“बरं,” बाबा म्हणाले.

मास्तरीणबाई मात्र कुबड्या सावरत खांबापर्यंत गेल्या. “तक्रारीवर सही माझी होती,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला काही विचारावं, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आयुष्यभर वर्गात सांगत आले की दोघांचंही ऐकून घ्या! माझं चुकलं.” मग त्यांनी मुलांच्या पाठीवरून हात फिरवला. “तुम्ही तिघं गुणाची. मी नापास झाले.”

बाबांनी हात जोडले.

घरी जाताना मुंगी म्हणाली, “बाबा, मी त्या दिवशी विचारलं ना...”

“विचारलंस,” बाबा म्हणाले. रागावले नव्हते. म्हणूनच तिला जास्त लागलं.

सोमवारी सगळे मिळून खोटे पट्टे खरवडायला गेले. मग बाबा खडकापाशी आले. साल खरवडली, पुसली, एक सुबक पट्टा ओढला आणि खिशातून मोबाइल काढून मुंगीला दिला.

“फोटो काढ. तारीख यायला हवी.”

“कशाला, बाबा? आता तर सगळ्यांना कळलंय की!”

“कळलंय. तरी काढ. प्रत्येकाचा काढायचा, आता दर वर्षी.”

मुंगीने मोबाइल समोर धरला. फोटोत नुसता पट्टा यावा म्हणून ती बाबांना बाजूला व्हायला सांगणार होती, पण त्यांनी आपणहून ओल्या रंगाशेजारी हात टेकवला.

“हातही येऊ दे,” ते म्हणाले. “कुणी केलंय ते दिसायला हवं.”